एजन्सीला पंधरा हजार द्यायच्या आधी जुनी गिऱ्हाईकं मोजा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे आठ महिन्यांपूर्वी नाशिकला घरगुती मसाले आणि भाजणीचा व्यवसाय सुरू केला, लोगो, पॅम्प्लेट, इन्स्टाचं बूस्ट (म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणं) आणि एका फूड ब्लॉगरला दिलेले पैसे मिळून ४० हजाराच्या आसपास गेले, फॉलोअर २३०० झाले पण ऑर्डर काही महिन्याला १५-२० च्या पुढे सरकत नाहीत, आणि आता एक जाहिरात एजन्सी महिना १५ हजार मागतेय तर द्यावेत का, असंच ना? माझं उत्तर आहे नका देऊ. आत्ता तरी नकाच. का ते सांगते, जरा लांबेल, आज दुपारी निवांत आहे मी.

मी चिंचवडला ११ वर्षं हेच करतेय. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, थालीपीठ आणि चकलीची भाजणी, दिवाळीत फराळ. माहेर सांगलीकडचं त्यामुळे तिखटाचं वेड तिकडूनच आलंय. तुम्ही लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका मी करून बसलेय, एकदोन तर दोनदा.

आधी मलाच एक विचारू द्या. या आठ महिन्यांत ज्यांनी पहिल्यांदा घेतलं त्यातल्या कितीजणांनी परत मागवलं? तुम्ही फॉलोअर लिहिलेत, लाइक लिहिलेत, खर्च तर रुपयासकट लिहिलाय, पण हा एक आकडा कुठेच नाहीये, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. मसाला ही काही वर्षातून एकदा घ्यायची पैठणी नव्हे, तो संपतो. महिन्याला १५-२० धरलं तरी आतापर्यंत निदान शंभर वेगवेगळ्या घरांत तुमचा मसाला गेला असेल. ही शंभर घरं दर दोन महिन्यांनी एकदा फिरून आली तरी महिन्याला ५० ऑर्डरी होतात हो, एक रुपया जाहिरातीला न घालता! त्या येत नसतील तर एजन्सी अजून हजार लोक आणून देईल आणि तेही एकदा घेऊन गायब होतील. फुटक्या रांजणात पाणी भरायचं आणि वर भरणाऱ्याला पगार द्यायचा.

मग ते परत का येत नाहीत? आपल्याला पहिली शंका चवीची येते, मलाही आली होती, मी तर धण्याचं प्रमाण बदलून बसले होते. पण तिसऱ्या वर्षी भाजी मंडईत एक बाई भेटल्या, म्हणाल्या अहो तुमचा मसाला इतका आवडला होता घरात, पण नंबरच सापडेना, मग दुकानातला आणला. मी म्हटलं पाकिटावर होता की! तर म्हणे पाकीट तेव्हाच टाकलं, मसाला बरणीत भरला ना. आता हे मी स्वतः घरी रोज करते आणि तरी मला सुचलं नव्हतं. मसाला, भाजणी, पापड, सगळं डब्यात जातं आणि आपला तो महागडा लोगो पहिल्याच दिवशी कचऱ्यात. त्यांच्या डोक्यात आपण फक्त "त्या चिंचवडच्या बाई".

तेव्हापासून प्रत्येक पाकिटात एक छोटं स्टिकर टाकते, बरणीला चिकटवायला. त्यावर पदार्थाचं नाव, पॅकिंगची तारीख आणि मोठ्या अक्षरात व्हॉट्सअॅप नंबर, बस. कागदी घेऊ नका, तेलाच्या हाताने चार दिवसांत अक्षरं जातात, प्लॅस्टिक कोटिंगवालं घ्या. मी आजवर जाहिरातीवर जे काही घातलं त्यात सगळ्यात वसूल झालेले पैसे हेच.

दुसरं म्हणजे वही. अगदी साधी दोनशेपानी वही घ्या. नाव, सोसायटी, तारीख, काय घेतलं, किती तिखट खातात, घरात माणसं किती. एक्सेल येत असेल तर तिथे करा, मला वहीच बरी पडते. याचा उपयोग असा की पावकिलो मसाला चारजणांच्या घरात साधारण किती दिवस जातो ते चारसहा महिन्यांत तुम्हाला कळायला लागतं, आणि मग संपायच्या आठवडाभर आधी मेसेज करता येतो. तो पण नावाने. "काकू, मसाला संपत आला असेल ना, शनिवारी डंकावर चाललेय, अर्धा किलो ठेवू का तुमचा?" असा मेसेज गेला की दहातले चारपाच तरी हो म्हणतात, हा माझा अनुभव. आणि हाच मेसेज रंगीत पोस्टर करून "ऑर्डर करा आजच!!" असा पाठवला की कोणी उघडत पण नाही. जो नाही म्हणतो त्याला सरळ विचारायचं, काय आवडलं नाही? नातेवाईक आणि मैत्रिणी कधी खरं सांगत नाहीत, त्या सगळ्या "मस्तच गं" म्हणून मोकळ्या. मला एका आजोबांनी फोनवर खडसावलं की भाजणी जाडसर आहे, थालीपीठ तुटतं. तेव्हा वाईट वाटलं पण गिरणीवाल्याला सांगून दळण बदललं आणि आजोबा अजून घेतात.

व्हॉट्सअॅपचं बोललेच आहे तर माझा मूर्खपणा पण सांगते. सुरुवातीला सोसायटीच्या यादीतून नंबर घेऊन मी १८० जणांचा ग्रुप केला, कोणालाही न विचारता, दिवाळीच्या तोंडावर. अर्ध्या तासात चाळीसेक जण लेफ्ट, एका काकांनी सगळ्यांसमोर सुनावलं आणि सेक्रेटरींचा फोन आला तो वेगळाच. पुढे दोन महिने मी लिफ्टऐवजी जिन्याने जात होते 😅. ग्रुप करू नका, ब्रॉडकास्ट लिस्ट करा, त्यात मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. पण यात एक गोम आहे, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून पहिली डिलिव्हरी देतानाच हसून सांगायचं, नंबर सेव्ह करून घ्या हं, नवीन दळण झालं की कळवते. बिझनेसवालं अॅप फुकट आहे, त्यात कॅटलॉग करून प्रत्येक वस्तूचा भाव टाका.

भाव टाकाच! तुमच्या पोस्टचा जो स्क्रीनशॉट दिलाय त्यात "किंमत इनबॉक्समध्ये" लिहिलंय, ते आजच्या आज काढा. लोकांना वाटतं महाग असणार म्हणून लपवतायत, आणि विचारून मग नाही म्हणायला आपल्या माणसाला लाज वाटते, त्यापेक्षा तो विचारतच नाही.

बूस्टबद्दल. ते निळं बटण दाबलं की आपल्याला वाटतं जाहिरात केली. मी पण ३ हजार घातले होते, अख्खा महाराष्ट्र, वय १८ ते ६५. गडचिरोलीपासून दुबईपर्यंत "प्राइस?" म्हणून मेसेज आले आणि पावकिलो मसाल्याला कुरियरचा खर्च ऐकून सगळे गप्प. बूस्ट वाईटच असं नाही, पण फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातींचं जे पूर्ण अॅड्स मॅनेजर असतं त्यात जाऊन आपल्या घरापासून काही किलोमीटरचा गोल निवडता येतो, आणि उद्देश लाइक न ठेवता मेसेज ठेवता येतो. तुम्ही गंगापूर रोडला राहता तर पंचवटी, सिडको, इंदिरानगर इथपर्यंतच ठेवा, जिथे तुमचा मुलगा स्कूटरवर जाऊन देऊ शकेल. तुमचे ते २३०० फॉलोअर पण बघा जरा उघडून, त्यातले नाशिकचे किती? आणि पेपरात टाकलेली पाच हजार पॅम्प्लेटं पेपर झटकतानाच खाली पडतात, त्यावर न बोललेलं बरं. त्यापेक्षा पन्नास घरांत दोन-दोन चमचे मसाल्याची पुडी आणि ते बरणीचं स्टिकर द्या.

आता सवलत. "ओपनिंग ऑफर ३० टक्के" आठ महिने चालूच दिसतेय तुमची. अहो मग तीच किंमत झाली ना. नंतर वाढवलं की तेच गिऱ्हाईक म्हणतं, माजल्या. आमच्या जाऊबाईंनी मला एकदा सल्ला दिला होता की थोडी हलकी मिरची वापरून एक स्वस्तातला मसाला पण काढ. मी काढणारच होते, पण तेव्हा लिज्जतची गोष्ट वाचनात आली. १९५९ साली गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, तर सुरुवातीला त्या पण दोन प्रतीचे करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. ज्यांनी मार्गदर्शन केलं त्या छगनबाप्पांनी सांगितलं की एकच चांगला करा आणि दर्जाशी तडजोड नको. मी पण बेडगी आणि संकेश्वरी मिरची सोडली नाही. स्वस्त पाहिजे त्याला १०० ग्रॅमचं छोटं पाकीट देते, भाव तोच.

एक उलटी चूक पण असते, तिच्याबद्दल कोणी सांगत नाही. जाहिरात चालली तर? एका वर्षी फराळाची जाहिरात माझी इतकी चालली की मी वसुबारसेपर्यंत ऑर्डरी घेत राहिले, चकलीच्या दोन बायका आजारी पडल्या, आणि सात घरांत फराळ भाऊबीजेनंतर पोचला. पैसे परत केले, फुकट लाडू दिले, तरी त्यातली पाच घरं गेली ती गेलीच, शिवाय त्यांनी अजून कितीजणांना सांगितलं असेल देव जाणे. आता कोजागिरीला वही बंद, मग सख्खी बहीण आली तरी नाही. गंमत म्हणजे "बुकिंग कोजागिरीपर्यंतच" लिहायला लागल्यापासून लोक नवरात्रातच पैसे पाठवतात. तुमची दिवाळी अजून व्हायचीय, म्हणून आधी मोजून घ्या की तुमच्या स्वयंपाकघरातून दिवसाला किती किलो निघतं, मग तेवढीच जाहिरात करा.

बाकी बारीकसारीक. लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर दिसू द्या, सोसायटीतल्या बायका आता बघतात तो. "शुगर बरी करणारी भाजणी" असलं काही लिहू नका, तुमच्या एका पोस्टमध्ये दिसलं मला, ते कायद्यात पण बसत नाही आणि खोटं पण आहे. गुगलवर बिझनेस प्रोफाइल फुकट होतं, घरचा पत्ता दाखवायचा नसेल तर लपवून नुसता डिलिव्हरीचा भाग टाकता येतो. मोठ्या प्रदर्शनात स्टॉल घ्यायची घाई नको, पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी गर्दी खूप, पण चव घेऊन पुढे जाणारेच जास्त आणि भाडं आपल्या खिशातून. नवरात्रात जवळच्या सोसायटीत भोंडला असतो तिथे एक टेबल मांडा, तिथली बाई परत भेटते.

आणि हो, नाव. इंग्रजीतलं ते नाव मला दोनदा वाचून पण उच्चारता आलं नाही. जे नाव एक बाई दुसरीला फोनवर सांगू शकत नाही त्याचा काय उपयोग. लेबलं छापलीच आहेत तर संपेपर्यंत वापरा, पण स्टिकरवर मराठीत लिहा.

तर आधी बसून जुने मेसेज आणि जीपेची हिस्टरी चाळा, वही भरा, आणि परत घेणारी किती घरं निघाली ते इथेच लिहा. त्या एजन्सीला महिनाभर थांबायला सांगा, पळून नाही जात ते 😀

ता.क. नाशिकला काळ्या मसाल्याला जास्त मागणी असेल ना, मिसळीमुळे? तुमच्या यादीत तो दिसला नाही.