हॉब बसवताय? आधी ओट्याखालचं कपाट बघा

प्रश्न : किचनचं काम काढलंय. जुनी शेगडी काढून ग्रॅनाइट कापून तीन बर्नरचा हॉब बसवायचाय, सिलेंडर शेजारच्याच कपाटात राहील. सुतार म्हणतो कपाटं सगळीकडून पॅक करू म्हणजे झुरळं होणार नाहीत आणि दिसायलाही छान. भिंत फोडायची नाहीये म्हणून चिमणी डक्टशिवायची, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप नसलेली, फिल्टरवाली घ्यावी असं घरात चाललंय. हे सगळं सेफ आहे ना?

उत्तर : हॉब खुशाल बसवा, पण कपाटं पॅक करायच्या बाबतीत सुताराचं ऐकू नका. सिलेंडरमधला एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, त्यामुळे तो गळला की वर न जाता तळाशी बसतो आणि कपाट बंद असलं की तिथेच साठत राहतो, हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला तरी एक ठिणगी पुरते. म्हणून सिलेंडरचं कपाट आणि हॉबखालचं कपाट, दोन्हींना अगदी तळाशी एक जाळी आणि वरच्या बाजूला एक जाळी हवीच. झुरळांची भीती असेल तर बारीक स्टीलची जाळी लावा, भोक बुजवू नका. आणि जाळी दाराच्या खालच्या भागात द्या, कपाटाच्या पाठीला दिली आणि मागे भिंत चिकटून असली तर ती नुसती शोभेची. सिलेंडर कायम उभा. त्या कपाटात कसलंही सॉकेट नको, हॉबच्या लायटरचं नको, पाण्याच्या फिल्टरचं तर अजिबातच नको, कारण स्विच दाबताना आत बारीक ठिणगी पडतच असते.

आता नळी. शेजारच्या कपाटातून हॉबकडे नेताना मधल्या फळीला भोक पाडून रबरी नळी सरळ आरपार घालतात, हे मला बिलकुल पसंत नाही. ट्रॉली आत-बाहेर करताना नळी त्या कडेवर घासत राहते आणि ती चीर आत असल्यामुळे कुणाला दिसतच नाही. फळीतून जाणारा भाग लायसन्सवाल्या फिटरकडून धातूच्या पाइपचा करून घ्या, रबरी नळी दोन्ही टोकांना आखूड आणि हात पोचेल अशी ठेवा आणि तिच्यावर छापलेली तारीख उलटायच्या आत बदला. फिटरने जोडणी केली की प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते तुमच्यासमोर बघायला लावा, काडी पेटवून चेक करणारा असला तर त्याला तिथूनच परत पाठवा.

हॉब घेताना ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा घ्या. बर्नरशेजारी एक छोटी दांडी असते, ती थंड झाली की आतला व्हॉल्व्ह बंद होतो. तपासायचं सोपं आहे : बर्नर लावून दोनेक मिनिटं चालू ठेवा, मग रेग्युलेटर बंद करा, ज्योत गेल्यावर नॉब तसाच उघडा ठेवून कान द्या, मिनिट-दीड मिनिटाच्या आत ‘टक्’ असा बारीक आवाज यायला हवा. नाही आला तर नॉब लगेच बंद करून कंपनीचा माणूस बोलवा.

चिमणीचं म्हणाल तर भिंत फोडा. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ आणि साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डक्टशिवायची चिमणी तेलकटपणा आणि थोडाफार वास अडवते, बाकी सगळं परत तुमच्याच नाकासमोर सोडते. डक्ट जितका आखूड आणि सरळ तितका चांगला. चिमणीचं तोंड सहा इंची असताना पुढे चार इंची पाइप जोडून देणारे असतात, तसं झालं तर आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. हॉबपासून चिमणीची उंची बहुतेक ६५ ते ७५ सेंटीमीटर असते, पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात जे दिलंय तेच धरा. चिमणी चालू असताना खिडकी थोडी उघडी हवी, बाहेरून हवा आलीच नाही तर ती ओढणार काय? फक्त हॉब खिडकीच्या अगदी समोर नको, वाऱ्याने ज्योत विझते.

प्रश्न : आमच्याकडे आता पाइपचा गॅस येणार आहे. तोच हॉब चालेल का?

उत्तर : कंपनीने त्या मॉडेलसाठी दोन्ही गॅसचे जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी) दिले असतील तर चालेल, पण जेट बदलल्याशिवाय नाही. पाइपच्या गॅसचे जेट मोठ्या भोकाचे असतात, ते चुकून सिलेंडरवर राहिले तर मोठी पिवळी ज्योत आणि काजळी. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे जातो, म्हणजे खालच्या जाळीवर भागणार नाही, वर छताजवळही हवा जायला वाट हवी. लीक अलार्मही त्याच हिशोबाने, एलपीजीला जमिनीजवळ आणि याला छताजवळ.

प्रश्न : भांडी खालून काळी होतायत, लीक अलार्म तर वाजत नाही. काळजीचं आहे का?

उत्तर : आहे. ज्योत पिवळी असणार, म्हणजे गॅस नीट जळत नाहीये आणि कार्बन मोनॉक्साइड होत असू शकतो, त्याला ना रंग ना वास, आणि लीक अलार्मला तो कळत नाही, त्याचा अलार्म वेगळा मिळतो तो घ्या. बर्नर गार झाल्यावर त्याची भोकं साफ करा आणि झाकण नीट बसवा. तरीही पिवळीच राहिली तर वापर थांबवून मेकॅनिकला दाखवा. स्वयंपाक करताना डोकं दुखतं, गरगरतं असं होत असेल तर गॅस बंद करून सगळे आधी मोकळ्या हवेत जा आणि डॉक्टरांना गॅसचं आवर्जून सांगा.