फॉर्म भरण्याआधी लेकीला विचारलंत का?

(फोंड्याहून एका वडिलांनी लिहिलं आहे: मुलीने कायद्याची पाच वर्षांची पदवी चांगल्या गुणांनी घेतली. आता तिला इस्लामी कायद्याच्या इतिहासावर संशोधन करायचं आहे. ‘आम्ही हिंदू. गोव्यात सगळ्यांना एकच कायदा, मग हे शिकून उपयोग काय? शरियत हजार वर्षांपूर्वीच ठरून गेली, तिच्यात नवं काय शोधणार? उद्या सोयरिकीतही अडचण येईल. मी तिचा दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय. चवथीला घरी सगळे जमले तेव्हा तसं जाहीरही केलं. तिलाही तेव्हाच कळलं, पण ती काही बोलली नाही. तिला समजवा.’)

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यात मुलीचं एखादं वाक्य सापडतं का, ते बघत होते. सापडलं नाही. हा विषय तिला का घ्यावासा वाटला, पहिल्यांदा कुठे भेटला, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे बहुधा विचारलेलंच नाही. कायदा शिकलेल्या मुलीचा फॉर्म वडिलांनी परस्पर भरावा आणि तिला ते काका-आत्यांनी भरलेल्या घरात कळावं, हे माझ्या मनाला लागलं. ती गप्प राहिली याला तुम्ही होकार समजलात. चारचौघांत बापाचा शब्द खाली पडू नये म्हणूनही मुली गप्प राहतात. न्यायाधीशाची परीक्षा मानाची आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मनाविरुद्ध धरलेल्या परीक्षेत वर्षं कशी जातात ते मी पुष्कळ घरांत पाहिलंय. एकदा बसून होतं, दुसऱ्यांदा होतं, मग ‘एवढी वर्षं घातलीच आहेत, आणखी एकदा बस’ सुरू होतं.

आणि सोयरिकीचं म्हणाल तर, अजून न आलेल्या स्थळाला विचारून लेकीने काय वाचावं ते ठरवू नका.

शरियत हजार वर्षांपूर्वी ठरून गेली, हा समज तुमच्या एकट्याचा नाही. विद्यापीठांतही कितीतरी वर्षं असंच शिकवत होते, की दहाव्या शतकाच्या सुमारास ‘इज्तिहादचं दार बंद झालं’, म्हणजे पंडितांनी स्वतः विचार करून नवा निर्णय काढणं थांबलं. १९८४ साली वाएल हल्लाक या अभ्यासकाने जुने ग्रंथ तपासून दाखवलं, की असं दार कधी बंद झालंच नव्हतं. त्यानंतरच्या काळात तर फतवे, करारनामे, काझींची दप्तरं बारकाईने वाचली गेली. ऑटोमन न्यायालयांच्या नोंदवह्यांत बायका स्वतः उभ्या राहून मेहर मागताना, वारशातला वाटा मागताना दिसतात. मग ‘ठरलेलं पुस्तक’ हे चित्र आलं कुठून? आपल्याकडे ते बरंचसं इंग्रजांच्या कचेऱ्यांतून आलं. त्यांनी १७७२ मध्ये हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण अशी वाटणी केली. ‘हिदाया’ हा इस्लामी कायद्यावरचा बाराव्या शतकातला ग्रंथ १७९१ मध्ये इंग्रजीत आणला, आणि न्यायाधीश त्याच्या आधाराने निकाल देऊ लागले. एकाच प्रश्नावर अनेक मतं बाळगणारी परंपरा तिथे गोठली. तुमच्या ‘आम्ही हिंदू’लाही या संशोधनात उत्तर आहे. माळव्यातल्या धारच्या एका जमीनदार घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कागदांवर नंदिनी चॅटर्जी यांचं पुस्तक २०२० मध्ये आलं. घराणं हिंदू, आणि जमिनीचे हक्क पक्के करायला काझीचा शिक्का घेणारं.

गोव्यात उपयोग काय, हेही विचारलंत. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० मध्ये लागू झाली आणि १९३७चा शरियत कायदा इथे आलाच नाही, हे खरं. पण गोव्यात मुलंबाळं असलेल्या माणसाला मृत्युपत्राने अर्धीच मालमत्ता मनासारखी देता येते, बाकीची वारसांसाठी राखीव. इस्लामी कायद्यात ही मुभा एक तृतीयांशाची. उरलेल्या भारतातला हिंदू स्वतः कमावलेलं सगळं कोणालाही देऊन टाकू शकतो. मग या बाबतीत गोव्यातला हिंदू कोणाच्या जवळ आहे? घरात इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या कोर्टातल्या वाटणीच्या, गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलीला हा प्रश्न पडणारच.

वाट नेहमीचीच. एलएलएमसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा, मग नेटची परीक्षा, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात आणि कायमच्या जागा थोड्या असतात. हे मी तिच्यापासूनही लपवणार नाही.

पण तिला मी एक वेगळंच सुचवेन. अरबीच्या मागे लागण्याआधी मोडी शीक. आदिलशाही मुलखातला एक महजर, म्हणजे सभेत झालेल्या निवाड्याचा कागद, मी जवळून पाहिलाय. वर काझीचा शिक्का, शाई कडेला पसरलेली. खाली वतनाच्या भांडणाचा मोडीतला मराठी मजकूर. आणि साक्षीदारांत पाटलाच्या नावाशी सहीच्या जागी नांगराचं चित्र. इस्लामी न्यायव्यवस्थेचा हा कागद, आणि भाषा आपली. ‘महजर’ शब्द अरबीतला. तुमची मुलगी रोज वापरते ते वकील, दावा, हक्क, वारस हेही तिथूनच आलेले. परदेशातल्या संशोधकाला या कागदासाठी आधी मराठी शिकावी लागते. तिला ती घरात मिळाली. शिवाय शिवाजी महाराजांनी १६७५ मध्ये घेईपर्यंत फोंडा आदिलशाहीतच होतं. साफा मशिदीच्या तळीवरून तुम्ही कितीदा गेला असाल! पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकवतात, आणि पणजीच्या पुराभिलेखागारात मोडी कागद आहेत. मोडी काही महिन्यांत हाताला बसते. अशा कागदांत भेटणाऱ्या फारसीला मात्र दोन वर्षं धरा.

भरलेल्या फॉर्मचं काय करायचं ते तिला ठरवू द्या. चवथीला ज्यांना सांगितलंत त्यांना तुम्हीच फोन करून सांगा, की ते तिला न विचारता बोललो होतो. ते काम तिच्यावर टाकू नका. आणि पुढचं पत्र तिला लिहू दे. कुठल्या मुलखातले, कुठल्या काळातले कागद तिला वाचायचे आहेत, एवढं दोन ओळींत कळवलं तरी पुरे.