रॉबर्ट मिचमच्या सर्वोत्तम फिल्म न्वार भूमिका कोणत्या? कोणत्या क्रमाने पाहाव्यात?

फिल्म न्वार म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतले हॉलिवूडचे अंधारे गुन्हेपट. त्यांतलं मिचमचं एकच नाव हवं असेल तर 'आउट ऑफ द पास्ट'मधला (१९४७) जेफ बेली. पण तुम्ही क्रमही विचारलाय, आणि हम्फ्री बोगार्ट या त्याच काळातल्या नटाचे बरेच सिनेमे पाहून झाल्यावर मिचम 'पडद्यावर काहीच करत नाही' असं वाटतं, असंही लिहिलंय. म्हणून जरा सविस्तर.

बोगार्टचा गुप्तहेर समोरच्याच्या एक पाऊल पुढे असतो आणि ते त्याच्या बोलण्यातून कळतं. मिचमचा माणूस उलट आहे. त्याला कोणीतरी फसवत असतं, ते त्याच्या लक्षात आलेलं असतं आणि तरीही तो जातो. हे संवादातून सांगता येत नाही. म्हणून मिचमला बोलताना नाही, ऐकताना पाहायचं. समोरचं पात्र बोलत असेल तेव्हा नजर मिचमवर ठेवा. पापण्या किती खाली येतात, उत्तराआधी तो थांबतो की नाही, हातातल्या सिगारेटचं काय होतं, सगळी भूमिका तिथे आहे.

सुरुवात 'आउट ऑफ द पास्ट'नेच करा. दिग्दर्शक जाक टूर्नर, छायाचित्रण निकोलस मुसुराका. जेफ कॅलिफोर्नियातल्या ब्रिजपोर्ट या लहान गावात पेट्रोल पंप चालवतो. आधी तो खाजगी गुप्तहेर होता. व्हिट नावाच्या जुगारी धनिकाने (कर्क डग्लस) त्याला एका बाईच्या शोधात पाठवलेलं असतं. ती कॅथी (जेन ग्रीअर). व्हिटवर गोळ्या झाडून, त्याचे ४०,००० डॉलर घेऊन ती पळालेली आहे, असं व्हिटचं म्हणणं. ती अकापुल्कोत सापडते. रात्री किनाऱ्यावर, कोळ्यांच्या जाळ्यांपाशी ती शपथेवर सांगते की पैसे मी घेतले नाहीत, आणि विचारते, तुझा विश्वास नाही का माझ्यावर? तो एवढंच म्हणतो की मला त्याची पर्वा नाही, आणि तिचं चुंबन घेतो. त्या उत्तरात ना विश्वास आहे ना अविश्वास. त्याचा निर्णय आधीच झालेला आहे आणि मिचम ते वाक्य तसंच टाकतो, जराही वजन न देता.

त्यानंतरचा जंगलातल्या केबिनमधला प्रसंग नीट पाहा. जेफ आणि त्याचा जुना भागीदार फिशर यांची मारामारी चालू आहे, पण कॅमेरा मधूनमधून कॅथीवर जातो आणि लढणाऱ्यांच्या सावल्या तिच्या चेहऱ्यावरून सरकत राहतात. मग गोळी सुटते. कॅथी गाडी घेऊन निघून जाते आणि जेफला तिचं बँकेचं पुस्तक सापडतं. त्यात ४०,००० जमा. दुसऱ्या कुठल्याही नटाने इथे डोळे विस्फारले असते. मिचमच्या चेहऱ्यावर धक्का दिसत नाही, कारण ही बातमी त्याला नवी नाही. फक्त आता ती कागदावर आली आहे.

सिनेमाच्या उत्तरार्धात, गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोला पोचली की बहुतेकांचा धागा सुटतो. तीन गोष्टी धरून ठेवा म्हणजे पुरे: व्हिटचे करचुकवेगिरीचे कागद, ते ज्याच्याकडे आहेत त्या ईल्स या वकिलाचा खून, आणि फिशरला जेफने मारलं असं सांगणारं कॅथीचं सही केलेलं प्रतिज्ञापत्र. संवाद फार भरभर येतात, तेव्हा सबटायटल लावूनच बघा. आणि डग्लस-मिचम समोरासमोर आले की दोघांच्या सिगारेटींकडे लक्ष द्या. एकदा डग्लस सिगारेट पुढे करतो, मिचम हात वर करून एका शब्दात सांगतो की पेटलेली आहे. दोघांमधलं वैर आणि बरोबरी एवढ्या हालचालीत येते.

दुसरा 'एंजल फेस' (१९५३ मध्ये प्रदर्शित, दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर). मिचम इथे रुग्णवाहिकेचा चालक फ्रँक जेसप. स्वतःचं गॅरेज काढायचं एवढीच त्याची इच्छा. श्रीमंत घरातली डायन (जीन सिमन्स) पहिल्याच भेटीत हुंदके देत कोसळते, तो तिला भानावर आणायला थोबाडीत मारतो, ती तत्काळ उलट मारते. पुढचं सगळं नातं त्या दोन चपराकांत ठरतं. माझ्या मते ही भूमिका जेफपेक्षा अवघड आहे. जेफ प्रेमात आहे. फ्रँक फक्त सोय बघतो. डायन सावत्र आईच्या जिवावर उठली आहे असा आपल्याला संशय येतो तेव्हा त्यालाही आलेला असतो, आणि तो तिथून निघण्याचं पुन्हा पुन्हा पुढे ढकलतो. आळशी माणसाचा ऱ्हास इतक्या प्रामाणिकपणे फार थोड्या नायकांनी दाखवलाय. यातली गाडी मागे जाण्याची घटना आणि शेवट आधी वाचू नका. या सिनेमाबद्दलचे बहुतेक लेख पहिल्याच परिच्छेदात सगळं सांगून टाकतात.

हे दोन झाल्यावरच 'द नाइट ऑफ द हंटर' (१९५५). चार्ल्स लॉटनने दिग्दर्शित केलेला हा एकमेव सिनेमा. तेव्हा चालला नाही, आज अभिजात मानतात. बरेच जण इथूनच सुरुवात करायला सांगतात, आणि तिथे चूक होते. यात मिचम त्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. हॅरी पॉवेल हा भोंदू धर्मोपदेशक आवाज चढवतो, हातवारे करतो, बोटांवर गोंदलेल्या 'प्रेम' आणि 'द्वेष' या शब्दांची कुस्ती लावून प्रवचन देतो. मंदीच्या काळात, ओहायो नदीकाठी, फाशी गेलेल्या माणसाने लपवलेल्या १०,००० डॉलरच्या मागे तो त्याच्या विधवेच्या घरात शिरतो. पैसे मुलीच्या बाहुलीत आहेत. मिचमचा संयम आधी ओळखीचा झालेला असेल तर हा नाटकीपणा म्हणजे पॉवेलचं सोंग आहे, हे कळतं. सोंग उतरतं ते नदीकाठी: मुलं होडीतून निसटतात आणि तो पाण्यात उभा राहून एक लांबच लांब आरोळी ठोकतो. तो आवाज माणसाचा राहत नाही.

स्टॅनली कॉर्टेझचं छायाचित्रण इथे मुद्दाम खोटं आहे. शयनगृह देवळाच्या त्रिकोणी गाभाऱ्यासारखं उभारलंय. मुलाला गोठ्याच्या माळ्यावरून क्षितिजावर घोडेस्वार पॉवेल दिसतो, तो स्टुडिओतच घेतलेला आहे. अंतराचा भास व्हावा म्हणून लहान घोड्यावर ठेंगण्या माणसाला बसवलं होतं. त्यामुळे याला शुद्ध न्वार म्हणावं की नाही यावर वाद आहे. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. प्रकाश-अंधाराची भाषा तीच आहे, फक्त पाहणारे डोळे लहान मुलाचे आहेत.

'केप फिअर'मध्ये (१९६२) तोच थंडपणा दहशत बनतो. आठ वर्षं तुरुंगात काढून आलेला मॅक्स केडी, त्याच्याविरुद्ध साक्ष दिलेला वकील (ग्रेगरी पेक) आणि त्याचं कुटुंब. पहिल्या काही मिनिटांतच केडी वकिलाच्या गाडीत हात घालून चावी काढून घेतो. मारामारी नाही, धमकी नाही, आवाजही चढलेला नाही. पेकला काय करावं कळत नाही, कारण कायद्याने पकडण्यासारखं काही घडलेलंच नसतं. पुढचा सगळा सिनेमा याच पेचावर चालतो. १९९१ची आवृत्ती नंतर पाहा. तिथे मिचम पोलीस अधिकाऱ्याच्या छोट्या भूमिकेत आहे.

आता ज्यांत फार वेळ घालवू नये ते. 'क्रॉसफायर' (१९४७) उत्तम सिनेमा आहे, पण तो रॉबर्ट रायनचा; मिचम बाजूला उभा आहे. 'द बिग स्टील' (१९४९) हा हलकाफुलका पाठलाग, जेन ग्रीअरसाठी बघा. 'हिज काइंड ऑफ वुमन' (१९५१) दोन तासांचा आणि विस्कळीत; मिचम नोटांना इस्त्री करतो तो प्रसंग बहारीचा, उत्तरार्ध व्हिन्सेंट प्राइस पळवून नेतो. 'व्हेअर डेंजर लिव्ह्ज' (१९५०) मात्र टाळू नका. डोक्याला मार लागलेला डॉक्टर, हळूहळू शरीराची एक बाजू लुळी पडत चाललेली आणि तशात पळ काढायचा. एवढ्या धिप्पाड माणसाने दुबळेपणा इतका खरा करून दाखवलाय. काउबॉय-घोडेस्वारीचे सिनेमे चालत असतील तर 'परस्यूड'ही (१९४७) घ्या. वेस्टर्न असून अंगाने न्वार आहे.

उतारवयातला एकच सिनेमा निवडायचा तर 'द फ्रेंड्स ऑफ एडी कॉयल' (१९७३). बॉस्टनमधला किरकोळ शस्त्रदलाल, तुरुंगवास टाळायला पोलिसांना खबर देऊ पाहणारा. सुरुवातीला तो एका तरुण विक्रेत्याला आपल्या बोटांची गोष्ट सांगतो: हात टेबलाच्या खणात ठेवायला लावून खण लाथेने बंद केला होता. मिचम ती गोष्ट हिशेब सांगावा तशी सांगतो. 'फेअरवेल, माय लव्हली'मधला (१९७५) त्याचा थकलेला मार्लोही (रेमंड चँडलरच्या कादंबऱ्यांतला गुप्तहेर) चांगला आहे. १९७८चा 'द बिग स्लीप', त्यातही तो मार्लोच आहे, सोडून द्या. लॉस एंजेलिसची गोष्ट सत्तरच्या दशकातल्या लंडनला नेल्यावर तिच्यात काही उरलेलं नाही.

बघताना टीव्हीची सेटिंग तपासा. १९५३पर्यंतचे हे सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीचे आहेत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. चित्र पडदाभर ताणलं तर चेहरे रुंद होतात, 'झूम' केलं तर कपाळं कापली जातात. हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय (मोशन स्मूदिंग) बंद ठेवा, खोलीतले दिवे मालवा आणि ब्राइटनेस फार वाढवू नका. मुसुराकाचा काळा रंग राखाडी झाला की केबिनमधल्या त्या सावल्या दिसतच नाहीत.