घड्याळात पाणी शिरलं तर

प्रश्न : वडिलांचं जुनं ओमेगा ऑटोमॅटिक पावसात भिजलं. काचेखाली वाफ धरली आहे. रात्रभर तांदळात ठेवलं, तरी जात नाही. बेंगळुरूला सर्व्हिस सेंटरला कुरिअर करू का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आज नको. आधी जवळच्या कारागिराकडे, बेळगावात, ते उघडून घ्या. पोलादी भागांवर गंज चढायला एक-दोन दिवस पुरतात आणि कुरिअर पोचून घड्याळ उघडलं जाईपर्यंत त्याहून जास्त जाऊ शकतात. चावीचा दांडा आणि त्यालगतच्या स्प्रिंगा आधी गंजतात. हेअरस्प्रिंगवर, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर, डाग पडला की खर्च वाढतो.

तांदूळ बंद झाकणातलं पाणी ओढत नाही, पिठूळ मात्र चावीच्या फटीत बसतं. हेअर ड्रायर तर नकोच. उष्णतेने वाफ यंत्रात आणखी पसरते, जुन्या डायलचं लाखेचं आवरण उचलतं. चावी देऊ नका, मनगटावर घालू नका. हातातल्या हालचालीने रोटर (आपोआप चावी देणारं आतलं वजन) फिरतो आणि ओलं यंत्र चालू राहतं.

कारागिराला नुसतं 'वाळवून द्या' म्हणू नका. यंत्र बाहेर काढून, काटे-डायल उतरवून, पूर्ण सुटं करून धुवायला आणि नवं तेल द्यायला सांगा. त्यांच्याकडे ती सोय नसेल, तर उघडून वाळवल्यावर सर्व्हिस सेंटरला पाठवा. डायल पाण्याने पुसायची नाही, रंगवायची तर नाहीच. घड्याळाच्या धातूच्या कवचाला पॉलिशही नको, कडा गोल होऊन किंमत उतरते. बदललेले भाग परत मागून घ्या.

पाणी बहुधा चावीच्या किंवा झाकणाच्या रबरी कडीतून शिरलं असणार. रबर वर्षांनी कडक होतं. दोन्ही कड्या नव्या, सिलिकॉन ग्रीस लावून बसवाव्यात आणि हवेच्या दाबावर चाचणी घ्यावी. त्यानंतरही जुनं घड्याळ पावसात नको. खानापूरच्या जुलैत तर पेटीतही सिलिका जेलची पुडी ठेवा.

प्रश्न : स्विस ऑटोमॅटिक अचानक दिवसाला दहा मिनिटं पुढे पळतं. सर्व्हिसिंग करावं का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आधी होकायंत्राजवळ धरून पाहा. सुई हलली तर घड्याळाला चुंबकत्व लागलंय, बहुधा स्पीकर किंवा मोबाइल कव्हरच्या चुंबकाचं. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, म्हणून चाल वाढते. डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढणाऱ्या उपकरणावर) अर्ध्या मिनिटाचं काम आहे, घड्याळ उघडावंही लागत नाही. सुई ढिम्म राहिली तर मात्र उघडून बघावं लागेल. धक्क्याने वेढे अडकले असतील, नाहीतर त्यांवर तेल चढलं असेल.