नाही म्हणणाऱ्या पाहुण्याचा चहा

प्रिय मुली,

तेहरानचं नक्की झालं, छान वाटलं. तू पाठ करायला काढलेली फारसी वाक्यं वाचली. पहिलंच आहे, "चाय मेयल दारिद?" म्हणजे चहा घेणार का? व्याकरणात चूक नाही. तरीही ते यादीतून खोड.

का, ते माझ्या फजितीवरून सांगते. मी तिथे राहत होते तेव्हा शेजारच्या दोघी बहिणी पहिल्यांदा खोलीवर आल्या. मी विचारलं, "चाय मीखोरिद?" त्या म्हणाल्या, "न, मेर्सी." मी बरं म्हटलं आणि गप्पा मारत बसले. तास झाला, टेबलावर पाण्याचा पेलासुद्धा नाही. पुढे ओळख मुरल्यावर धाकटीने हसत सांगितलं, त्या दिवशी घरी गेल्या गेल्या आधी सामोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायचं भांडं, पेटवला म्हणून. पंगतीत हात आडवा धरणाऱ्याच्या पानात जिलबी पडताना मी लहानपणापासून पाहिलेली. पण परक्या भाषेत शिरलं की माणूस शब्दाला शब्द धरून बसतो.

माझ्या चुका दोन होत्या. 'खोर्दन' हे रोजचं क्रियापद घरच्यांसाठी, मैत्रिणींसाठी. खाणं आणि पिणं दोन्ही त्यातच येतं. पाहुण्याला 'मेयल' लावायचं. ही चूक तशी किरकोळ. खरी चूक म्हणजे मी विचारलं. विचारलं की पाहुण्याला 'नको' म्हणणं भागच पडतं. पहिल्या फटक्यात 'हो' म्हणणारा तिथे हावरा ठरतो. म्हणून चहा करून, तबकात घालून, समोर न्यायचा आणि म्हणायचं, "बेफरमायिद."

हा शब्द तुला परका वाटू नये. आपलं फर्मान, फर्मावणं त्याच धातूतून आलंय. शब्दशः अर्थ 'हुकूम करा', पण वापर आपल्या 'घ्या ना', 'या ना', 'बसा ना' या तिन्हींच्या जागी. दार उघडताना, खुर्ची पुढे करताना, फळांचं ताट सरकवताना, इतकंच काय, फोन उचलल्यावरही तोच. तबक आधी वडीलधाऱ्यांपुढे धर. चहा कोरा असतो, आपल्याकडच्या इराण्याच्या दुधाळ चहाची चव तिथे शोधू नकोस. साखर त्यात ढवळत नाहीत. 'कंद' म्हणजे साखरेचा खडा दातात धरून वरून चहाचा घोट घेतात. फळांच्या ताटात काकडी दिसली तर चकित होऊ नकोस, तिथे ती फळांतच बसते.

पाहुणी म्हणेल, "जहमत नकशिद", त्रास घेऊ नका. तू म्हण, "चे जहमती!", कसला आलाय त्रास. ती पुन्हा मागे सरेल. मग "तआरोफ नकोनीद" म्हण आणि पेला तिच्यापुढे ठेवूनच दे. तआरोफ म्हणजे ही सगळी देवाणघेवाण: देणाऱ्याने आग्रह करायचा, घेणाऱ्याने संकोच करायचा, आणि दोघांनाही शेवट ठाऊक असायचा. उठताना "दस्तेतून दर्द नकोने" ऐकशील, तुमचे हात न दुखोत. त्यावर "नूशे जान" म्हण. अर्थाने ते आपल्या 'सावकाश होऊ द्या'च्या जवळचं, फक्त जेवण झाल्यावरही चालतं. जेवण 'खोशमजे' म्हणजे चविष्ट झालं असं कुणी म्हणालं तर लाजून "नाकाबेल बूद" म्हणायचं, काही विशेष नव्हतं. आपली 'मजा' तिकडे मुळात चव आहे, हे मला फार आवडतं.

आता उलट बाजू. तू पाहुणी असशील तेव्हा प्रत्येक बोलावणं खरं धरू नकोस. तेहरानच्या दक्षिणेला रे इथे शाह अब्दुल अजीमचा दर्गा आहे. तेहरानचे लोक सकाळी जायचे, संध्याकाळी परतायचे. 1888 साली तिथवर छोटी रेल्वेही झाली. गोष्ट अशी सांगतात, की गाडी सुटायच्या वेळी तिथले लोक पाहुण्यांना राहायचा आग्रह करायचे. वरवरच्या आमंत्रणाला आजही 'तआरोफे शाह अब्दुल अजीमी' म्हणतात. ओळखायचं कसं? वार, वेळ आणि पत्ता सांगितला तर बोलावणं खरं. जिन्यात नुसतं "या ना, बेफरमायिद" असेल तर "मेर्सी" म्हणून पुढे हो. टॅक्सीवाला भाडं विचारल्यावर "काबेली नदारे" म्हणेल, तुमच्यापुढे पैशाचं काय. पैसे देऊनच उतर.

बसमध्ये शेजारचा डबा उघडेल आणि तुझ्यापुढे धरेल, कारण एकट्याने खाणं त्याला अवघड. त्यालाही उत्तर तेच, "नूशे जान", आणि इथे त्याचा अर्थ 'नको, तुम्ही खा' असा. तो तिसऱ्यांदा म्हणाला आणि डबा मागे घेतला नाही, तर एक घास घे. पोट खरंच भरलं असेल तर मात्र "तआरोफ नमीकोनम, सीरम" असं सरळ सांग. ताटात थोडं टाकलं तर वाढणारीचं समाधान होतं, असं मी पाहिलंय, पण तहदीग टाकू नकोस. पातेल्याच्या तळाला लागलेला तो खरपूस भात घरातली मुलंही पाहुण्यासाठी सोडून देतात.

आणि तिकडून लिहिशील तेव्हा तहदीगचं वर्णन करण्याआधी "जातून खाली" लिही, तुमची जागा रिकामी होती म्हणून. मी उत्तरात "दूस्तान बे जाये मा" लिहीन, आमच्या जागी मित्रांनी खाल्लं. 

तुझी,
बाई