डॉसवरच्या जुन्या ४८६ पीसीला घरच्या राउटरकडून आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आपोआप मिळतो का? आणि विंडोज ३.११ ला?

मिळतो. "इतक्या जुन्या मशीनला आयपी हातानेच, म्हणजे स्टॅटिक, टाकावा लागतो" असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. असं ठामपणे सांगणारे एक गृहस्थ आमच्या घरातही आहेत, म्हणून लिहायला बसलो.

गिरगावात बाबांचा ४८६ अजून चालू आहे. लोकांचे हिशेब त्यांनी वर्षानुवर्षं त्याच्यावरच लिहिले. त्यात मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं एनई२००० कंपॅटिबल आयएसए नेटवर्क कार्ड बसवलं, ते चालवणारा पॅकेट ड्रायव्हर चढवला आणि एमटीसीपी या डॉससाठीच्या नेटवर्क प्रोग्रामच्या संचातला डीएचसीपी, म्हणजे राउटरकडून आयपी मागून घेणारा, प्रोग्राम चालवला. टाइमआउट. परत चालवला, परत तेच. गणपतीला आलेले भावोजी मागे उभे होते. ते नेटवर्किंगमधले. म्हणाले, "अरे, डीएचसीपी नंतरचं. या डब्याला काय कळणार ते? स्टॅटिक टाक आणि आरतीला चल."

मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. डीएचसीपीचं पहिलं आरएफसी, म्हणजे त्याचे नियम मांडणारा दस्तऐवज, १९९३ चं. तेव्हा ४८६ दुकानात नवा मिळत होता. त्याचा पाया असलेली बूटपी ही आयपी वाटायची जुनी पद्धत तर १९८५ ची. सगळा व्यवहार यूडीपीच्या चार पॅकेटचा, दोन जातात, दोन येतात. एमटीसीपी तर ४८६ च्या कितीतरी आधीच्या ८०८८ प्रोसेसरवरसुद्धा चालतं.

प्रोग्राम चालवला की स्विचवरचा दिवा लुकलुकायचा. म्हणजे मागणी बाहेर जात होती, उत्तर आत पोचत नव्हतं. पॅकेट आलं की कार्ड ज्या लाइनवरून प्रोसेसरला हाक मारतं, ती आयआरक्यू. कार्ड होतं आयआरक्यू ३ वर, आणि ३ तर कॉम २ या सिरियल पोर्टचा! दोघांची टक्कर. कार्डाच्या सेटअपमध्ये प्लग अँड प्ले बंद केलं, आयआरक्यू १० दिला, ड्रायव्हरच्या ओळीतही १० केला. आयपी, नेटमास्क, गेटवे, डीएनएस, सगळं कॉन्फिग फाइलमध्ये लिहून आलं. बाबांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. स्टॅटिक टाकला असता तरी पिंगला उत्तर आलं नसतं, हे भावोजींनी अजून मान्य केलेलं नाही.

तेव्हा तुम्हीही आधी आयआरक्यू बघा. विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११ असेल तर मायक्रोसॉफ्टचं टीसीपी/आयपी-३२ टाका, त्यात डीएचसीपी आहे.

एक राहिलं: एमटीसीपी मागे बसून लीज (आयपी वापरायची मुदत) वाढवत नाही, म्हणून डीएचसीपीची कमांड मशीन सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये घाला. आणि कायम एकच आयपी हवा असेल तर राउटरमध्ये कार्डाच्या मॅक अ‍ॅड्रेसला (कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला) तो राखून ठेवा. त्यालाही स्टॅटिक लागत नाही.