काडतूस कुठलं घेऊ, काका?

या महिन्यात नेमबाजीचे जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त काडतुसाचे. बंदूक लाखाची घेताना कोणी विचारत नाही, आणि काडतुसाचा डबा घ्यायची वेळ आली की सगळे काकांकडे. असो, त्याच्यासाठीच बसलोय इथे.

प्रश्न : काका, एकवीस पूर्ण झाले, लायसन आलं, बारा बोरची ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक नळ्यांची, घेतलीय आणि ट्रॅपची नेमबाजी सुरू करायचीय. दुकानदार म्हणतो २८ ग्रॅमचं घे, मित्र म्हणतो २४. छर्ऱ्याच्या नंबरात पण साडेसात, आठ, नऊ असा घोळ आहे. क्ले पिजनसाठी, म्हणजे हवेत उडवलेली बशी फोडायला, सगळ्यात बेस्ट लोड कुठला? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : बेस्ट हा शब्द आधी खिशात ठेव. पहिलं म्हणजे तुला पुढे मॅच खेळायची असेल तर २८ चा विषयच संपला. आंतरराष्ट्रीय नियमात एका काडतुसातले सगळे छर्रे मिळून २४ ग्रॅम, वर अर्ध्या ग्रॅमची सूट, छर्रा २.६ मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि केस, म्हणजे काडतुसाचं कवच, ७० मिलिमीटरपेक्षा लांब नको. मग ज्याने मॅच मारायची त्यानेच सराव करायचा की दुसऱ्याने? काही जण प्रॅक्टिसला २८ मारतात आणि मॅचला २४ घेऊन उभे राहतात, आणि मग झिरो गेला, म्हणजे क्ले चुकली, की काडतुसाला शिव्या.

नंबर बघूच नकोस, डब्यावर मिलिमीटर लिहिलेले असतात ते बघ, कारण इंग्लंडवाल्यांचा सात नंबर २.४ मिलिमीटरचा आणि अमेरिकेवाल्यांचा साडेसात पण तेवढाच. ट्रॅपला २.४ घे. आता का ते सांगतो, जरा हिशोब आहे पण कंटाळू नकोस. २४ ग्रॅममध्ये २.४ चे साधारण ३०० छर्रे बसतात आणि २ मिलिमीटरचे, म्हणजे स्कीट या दुसऱ्या प्रकारातले, पाचशेच्या वर. ऐकून वाटतं की मग बारीकच चांगले, जास्त छर्रे तेवढी जास्त संधी. पण बारीक छर्रा हवेत लवकर दमतो, वीस मीटरवर तो राजा आणि पस्तीस मीटरवर भिकारी. स्कीटला क्ले जवळून जाते म्हणून तिथे तो चालतो. ट्रॅपमध्ये क्ले तुझ्यापासून लांब पळत असते, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, तू बंदूक फिरवून ट्रिगर ओढेपर्यंत ती तीस-पस्तीस मीटरवर गेलेली असते आणि तुला दिसते ती तिची कड. क्ले ११० मिलिमीटर रुंद खरी, पण जाडी अडीच सेंटिमीटर, म्हणजे कडेनं बघितली तर साधारण २५ चौरस सेंटिमीटरची एक पट्टी. आता ७५ सेंटिमीटरचं वर्तुळ डोळ्यासमोर आण. फुल चोकमधून, म्हणजे तोंडाशी सगळ्यात आवळलेल्या नळीतून, ७० टक्के छर्रे त्यात आले तर २१० झाले, म्हणजे साधारण २१ चौरस सेंटिमीटरला एक छर्रा. क्लेच्या वाट्याला एक, नशीब असेल तर दोन. तेच प्रमाण ५० टक्क्यांवर आलं तर २९ चौरस सेंटिमीटरला एक, म्हणजे क्ले दोन छर्ऱ्यांच्या मधून निघून जाऊ शकते आणि तू म्हणणार निशाण तर बरोबर होतं. निशाण बरोबरच होतं रे.

त्यामुळे माझं म्हणणं एकच, काडतूस दुकानात निवडायचं नसतं, कागदावर निवडायचं असतं. किराणावाल्याकडून जाड तपकिरी कागद आण, चार फुटी चौकोन होईल असा चिकटव, रेंजवर फ्रेमला लाव, पस्तीस मीटर मोज, मधोमध टिंब काढ आणि एक गोळी मार. मग सगळ्यात दाट भाग बघून त्याच्याभोवती ७५ सेंटिमीटरचं वर्तुळ काढ, दोरी आणि पेन पुरे. भोकं मोज, हो, एकेक, मोजलेल्यावर स्केचपेनने टिक कर नाहीतर दोनदा मोजली जातात. एका कागदावर निर्णय घ्यायचा नाही, एका ब्रँडचे पाच कागद तरी. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा बायकोने हॉलमध्ये पसरलेले कागद बघून विचारलं होतं की हे शिंप्याचं काम कधीपासून. पण त्यातनंच कळलं की महागातलं विदेशी काडतूस माझ्या नळीतून डावीकडे भोक ठेवतंय आणि निम्म्या किमतीचं एकसारखं पसरतंय. दुसऱ्याच्या बंदुकीत उलटं निघेल, म्हणून तर सांगत नाही कुठला ब्रँड ते.

स्पीडवरून पण लोक वेडे होतात. डब्यावर सेकंदाला ३९० मीटर की ४१०, यावर चहा थंड होईपर्यंत वाद. एवढ्या फरकाने पस्तीस मीटरवर छर्रा पोचायला जो वेळ वाचतो तेवढ्यात क्ले वीतभरसुद्धा पुढे जात नाही. खांद्याला मात्र कळतं. २४ वरून २८ ग्रॅमला गेलास की धक्का पाव हिस्सा तरी वाढतो, आणि शंभर क्ले झाल्या की शरीर आपोआप डोळा मिटायला लागतं, गोळी सुटायच्या आधीच. मी दोन वर्षं तसा मारलाय, पंचवीसात चौदा, पंधरा, आणि कोच म्हणायचे डोळे उघडे ठेव, मी म्हणायचो उघडेच आहेत.

आणि एक, डबे घेशील तेव्हा लॉट नंबर एकच आहे ना बघ. एका दुकानातून मी घाईघाईत डब्यांचं खोकं उचललं होतं, वरचे डबे ट्रॅपचे आणि खालचे दोन स्कीटचे, कळलं ते दिल्लीच्या कर्णीसिंग रेंजवर स्टेशनवर उभा राहिल्यावर. पंजाब मेलने नाशिकरोडवरून एवढं जायचं आणि तिथे काडतूस कापून छर्रे बघायची वेळ. दुकानदाराने हात वर केले. चूक माझी पण होती, घरी उघडून बघायला हवं होतं.

प्रश्न : आजोबांची दुनळी बारा बोर आता माझ्या नावावर झालीय, इंग्लंडची आहे, फार जुनी. हल्लीचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं. क्लेला वापरू का? – एक वाचक, सटाणा

उत्तर : थांबा. "आरामात बसतं" हेच फसवं आहे. काडतुसावर लिहिलेली ७० ही लांबी उडाल्यानंतरची, तोंड उघडलेलं असतं तेव्हाची. उडायच्या आधी तोंड घडी घालून मुडपलेलं असतं, साठच्या आत, म्हणून ते ६५ च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेत, पण गुपचूप जाऊन बसतं. ट्रिगर ओढल्यावर घडी उलगडायला जागा नसते, ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. त्या काळच्या बऱ्याच बंदुका ६५ च्या, म्हणजे अडीच इंची.

खालचं लाकूड काढा, नळ्या वेगळ्या करा, बुडाशी नळ्यांच्या सपाट बाजूवर प्रूफचे, म्हणजे नळी तपासून पास केल्याचे, ठसे असतात, तिथे अडीच इंच किंवा ६५ लिहिलंय का बघा. नळीवर लाटांसारखी, फणसाच्या लाकडासारखी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस असू शकते, काळ्या दारूच्या जमान्यातली, तिच्यात आजचं काहीच घालू नका. ठसे वाचता येत नसतील तर चांगल्या बंदूक-मिस्त्रीकडून चेंबर मोजून घ्या आणि तोवर भिंतीवर राहू द्या, आजोबांची आठवण म्हणून छान दिसते.

घरात वीस बोरची काडतुसं पण असतील तर ती दुसऱ्या खोलीत ठेवा. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून घसरून पुढे जाऊन अडकतं, नळी रिकामी आहे असं वाटतं, मागून बाराचं घातलं की नळी फाटते आणि डाव्या हाताची बोटं जातात. म्हणून वीसची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात, तो रंग सजावटीचा नाही.

प्रश्न : आमचा मका खळ्यावर वाळत घातला की दोनशे कबुतरं उतरतात. पीक संरक्षणाचं लायसन आहे, बंदूक आहे. कुठल्या नंबरचा छर्रा लावू? – शेतकरी, येवला

उत्तर : दादा, कुठलाच नाही. पारव्याच्या थव्यात होले मिसळलेले असतात, आपला राज्यपक्षी हरियाल तोही कबुतराच्याच कुळातला, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि छर्रा ओळखपत्र बघून लागत नाही. कोणाचं पाळीव कबुतर पडलं तर भारतीय न्याय संहितेचं ३२५ कलम आहे, पाच वर्षांपर्यंत. शिवाय २.४ चा छर्रा दीड-दोनशे मीटर जाऊन पडतो, तिकडे कोणाचा पत्रा आहे, कोणाचं पोर खेळतंय ते तुम्हाला माहीत. आणि शिसं मक्यात पडलं तर तोच मका गुरांना जाणार.

द्राक्षबागेवर टाकतात ती पक्ष्यांची जाळी खळ्यावर चार बांबूंवर ताणा, कडा विटांनी दाबा, कारण कबुतर वरून नाही तर कडेनं चालत आत येतं. शेजारच्याला सांगून तोही टाकेल असं बघा, नाहीतर तुमची कबुतरं त्याच्याकडे आणि भांडण तुमच्या दोघांत.

प्रश्न : मातीची बशी फोडतात तर त्याला पिजन का म्हणतात? – आठवीतली वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : कारण आधी खरीच कबुतरं होती बाळा. पिंजऱ्यातून सोडायची आणि उडाली की मारायची, १९०० च्या पॅरिसच्या खेळांत सुद्धा झालं, बेल्जियमच्या लेऑन द लुंडेनने २१ पाडली. त्याच्या आधीपासूनच काही लोक काचेचे गोळे उडवून मारत होते, पण काचेचे तुकडे शेतात राहायचे, मग १८८० मध्ये अमेरिकेत लिगॉस्की नावाच्या माणसाने बशी काढली. आताची बशी मातीची पण नाही, चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पिच, १०५ ग्रॅमची. हातातून पडली तरी फुटते, आमच्याकडून मात्र बंदुकीने पण फुटत नाही कधीकधी. आपल्याकडे पिंजऱ्यातून सोडून मारायच्या स्पर्धेवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यातच बंदी आहे.

प्रश्न : पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवं आलंय. पुसून वापरू का? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : वरवर धूळ असेल तर कोरड्या फडक्याने. हिरवं खवलं असेल, कागदी केस फुगली असेल किंवा चेंबरमध्ये ढकलावं लागत असेल तर नाही, जोर लावून तर अजिबातच नाही. अर्धवट उडालेल्या काडतुसाचं वॅड, म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच, नळीत अडकतं आणि पुढची गोळी त्याच्यावर जाऊन आदळते. आवाज फुसका आला तर थांबायचं, बंदूक रिकामी करायची, नळ्या उघडून उजेडाकडे धरून आरपार बघायचं. खराब काडतुसं घंटागाडीत टाकू नका, लायसन घेऊन जिथून घेतली त्या गनहाऊसला विचारा, नाहीतर पोलीस ठाण्यात. आणि माळा सोडा, तिथे उन्हाळ्यात भाजतं आणि पावसाळ्यात ओल येते, खालच्या कपाटात कुलुपात ठेवा, बंदुकीपासून वेगळी.